बिलावर बोटॉक्स, सुईत भलतंच

माझ्या थोरल्या बहिणीला पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकने दोनदा फसवलं. पहिल्यांदा युनिटच्या हिशेबात, दुसऱ्यांदा थेट औषधातच. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण दुसऱ्या वेळी तिची डावी पापणी खाली आली आणि स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्याच्या एकूण एक फोटोत ती तशी दिसते, याचा संताप मनातून जात नाही. लग्नसराई जवळ आली की 'फुल फेस बोटॉक्स'च्या ऑफर प्रत्येकीच्या मोबाइलवर येऊन आदळतात. तिथे जाण्याआधी काय विचारायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या घरात हे औषध नवीन नव्हतं. आईला बरीच वर्षं हेमिफेशियल स्पाझमचा त्रास आहे. चेहऱ्याची उजवी बाजू आपोआप लवते, डोळा घट्ट मिटतो, ओठाचा कोपरा वर ओढला जातो. मेंदूतून निघणाऱ्या चेहऱ्याच्या नसेवर एखादी रक्तवाहिनी टेकून दाब देते, बहुतेकांना त्यातून हे सुरू होतं. गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. बोटुलिनम टॉक्सिनची (बोटॉक्स हे त्याचंच एका कंपनीचं नाव) इंजेक्शनं डोळ्याभोवती आणि गालाच्या स्नायूंत थोडी थोडी दिली की तीन-चार महिने आराम पडतो, मग पुन्हा द्यावी लागतात. आईला ती न्यूरॉलॉजिस्ट देतात आणि दर वेळी तिच्यासोबत मी जाते.

तिथली पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून कळेल. डॉक्टर चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव आणि युनिट लिहून देतात. हॉस्पिटलच्या औषध दुकानातून आम्ही ५० युनिटची बाटली विकत घेतो, बर्फाच्या पिशवीतून वर नेतो. बिलावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. खोकं आमच्यासमोर फोडतात. पहिल्यांदा बाटली हातात घेतली तेव्हा मी दचकले होते, कारण ती रिकामीच दिसत होती. त्या औषधाची भुकटी इतकी कमी असते की तळाशी एक पुसटसा थर तेवढा दिसतो. सिस्टरनी सलाईनची सुई बुचात घातली आणि दट्ट्या न दाबताच सलाईन आपोआप आत ओढलं गेलं. डॉक्टर म्हणाले, ''बघा, बाटलीत निर्वात पोकळी असते. सलाईन असं ओढलं गेलं नाही तर ती बाटली वापरायची नाही.'' नंतर बाटलीवरचं लेबल आईच्या फाइलमध्ये चिकटवलं, शेजारी कुठल्या जागी किती युनिट दिले ते लिहिलं. प्रत्येक वेळी हेच होतं.

हे औषध सुरकुत्यांसाठी आलेलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून ते वापरून पाहिलं आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला पहिली परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. आईच्या आजारासारखे चेहऱ्याच्या नसेचे विकारही त्यात आले. कॅनडात व्हँकुव्हरला जीन करूथर्स या नेत्रतज्ज्ञ अशाच रुग्णांना इंजेक्शनं देत होत्या. भुवयांमधल्या आठ्या त्यामुळे जातात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर लेख लिहिला. अमेरिकेत सौंदर्योपचारासाठी परवानगी मिळायला २००२ उजाडलं. पुढे अर्धशिशीच्या जुनाट रुग्णांसाठी, काखेतल्या अति घामासाठी, मूत्राशयाच्या तक्रारींसाठी, मान वाकडी होण्याच्या आजारासाठीही ते आलं. सगळीकडे काम एकच. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप मिळतो, तो निरोप हे औषध थांबवतं. आईच्या गालात आणि ताईच्या कपाळात जाणारी गोष्ट एकाच जातीची. फरक आहे तो देणाऱ्याच्या शिस्तीचा.

ताईला भाचीच्या साखरपुड्याआधी कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघा कमी करायच्या होत्या. यात काहीच गैर नाही. कुणाला ते नकोसं वाटेल, कुणाला हवंसं, ज्याचा त्याचा प्रश्न. क्लिनिक चकचकीत होतं, बाहेर एमडी त्वचारोगतज्ज्ञांच्या नावाची पाटी, आत काउन्सेलर. तिने कागदावर लिहून दिलं : भुवयांमध्ये २०, कपाळावर २०, डोळ्यांच्या दोन्ही कडांना मिळून २४, एकूण ६४ युनिट बोटॉक्स. युनिटला २०० रुपये, म्हणजे १२,८०० रुपये. आकडे अगदी बरोबर होते. अमेरिकेत बोटॉक्सच्या माहितीपत्रकात या तीन जागांसाठी हेच आकडे छापलेले आहेत. ताईने घरी येऊन इंटरनेटवर ताडून पाहिले आणि ते जुळले. फसवणूक किती व्यवस्थित होती पाहा, विचारपूस करणाऱ्या माणसाचंही समाधान होईल अशी.

इंजेक्शन देताना भरलेल्या सिरिंज ट्रेमधून आल्या. बाटली दिसली नाही. पाटीवरचे डॉक्टर 'कॉन्फरन्सला' गेले होते, सुई दिली ती पांढरा कोट घातलेल्या दुसऱ्या बाईंनी. बिलावर लिहिलं होतं 'बोटॉक्स ट्रीटमेंट, ३ एरिया'. बॅच नंबर नाही, कंपनी नाही.

या औषधाचा परिणाम तीन-चार दिवसांत जाणवायला लागतो आणि दोन आठवड्यांपर्यंत पूर्ण दिसतो. ताईच्या कपाळाला थोडासा फरक पडला, भुवयांमध्ये जवळजवळ काहीच नाही, आणि जे होतं तेही महिन्याभरात ओसरलं. ती विचारायला गेली तर काउन्सेलर म्हणाली, ''मॅम, तुमच्या बॉडीमध्ये अँटिबॉडीज झाल्यात. तुम्हाला प्रीमियम प्रॉडक्ट लागेल.''

अँटिबॉडीचं हे कारण आणखी बऱ्याच जणींना सांगितलं जातं, म्हणून यावर जरा थांबते. टॉक्सिनविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात, हे खरं आहे. पण ते प्रामुख्याने मोठे डोस पुन्हा पुन्हा घेणाऱ्या रुग्णांत दिसतं, उदाहरणार्थ मानेच्या किंवा हातापायांच्या ताठर स्नायूंसाठी वर्षानुवर्षं शेकडो युनिट घेणारे. चेहऱ्याच्या छोट्या डोसला हे क्वचित होतं. आयुष्यात पहिल्यांदा घेतलेल्या इंजेक्शनला 'अँटिबॉडीमुळे गुण आला नाही' म्हणणं ही शुद्ध थाप आहे. आई इतकी वर्षं घेतेय, तिला अजून गुण येतो.

मी आईच्या डॉक्टरांना सहज विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, ''दिलं काय होतं? कुठल्या कंपनीचं?'' ते आम्हाला माहीत नव्हतं. मी क्लिनिकला फोन लावला. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर काउन्सेलर म्हणाली, ''डिसपोर्ट होतं मॅम. सेमच मॉलिक्यूल असतं, तुम्ही कशाला टेन्शन घेता?''

पहिली लबाडी नेमकी इथे होती. डिसपोर्ट हे दुसऱ्या कंपनीचं बोटुलिनम टॉक्सिन, उत्तम औषध आहे, रीतसर मंजूर आहे, जगभर वापरलं जातं, त्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. पण डिसपोर्टचं एक युनिट म्हणजे बोटॉक्सचं एक युनिट नव्हे. या औषधाची ताकद उंदरांवरच्या चाचणीतून ठरलेल्या एककात मोजतात आणि प्रत्येक कंपनीची चाचणीची पद्धत आपापली असते. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळायची नाही, तसंच हे. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे २० युनिट लागतात, तिथे डिसपोर्टचे ५० लागतात. झिओमिनचे २०. अमेरिकेत २०२२ मध्ये आलेल्या डॅक्सीफायचे ४०. हे आकडे त्या त्या औषधाच्या माहितीपत्रकातच आहेत आणि तिथे स्पष्ट ताकीदही असते की एकाचे युनिट दुसऱ्यात बदलून मोजू नयेत. साधारण अंदाजाने बोटॉक्सच्या एका युनिटला डिसपोर्टचे अडीच ते तीन धरतात. म्हणजे ताईला ६४ युनिट डिसपोर्ट दिलं असं मान्य केलं, तरी बोटॉक्सच्या हिशेबात ते पंचविसाच्या आतबाहेर भरतं. पैसे मात्र ६४ बोटॉक्सचे. गुण येणार कुठून? वर दोष तिच्याच शरीराला.

ही औषधं एकमेकांहून आणखीही बाबतींत वेगळी आहेत. डिसपोर्टमध्ये गायीच्या दुधातल्या प्रथिनांचा अंश असू शकतो, त्यामुळे दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या माणसाला ते द्यायचं नसतं. म्हणजे औषधाचं नाव लपवणं हा फक्त पैशांचा मामला नाही, एखादीच्या जिवाशीही येऊ शकतं. झिओमिनमध्ये टॉक्सिनभोवतीची इतर प्रथिनं काढून टाकलेली असतात. कोरियात तयार होणारं जुव्हो अमेरिकेत २०१९ पासून आहे, पण तिथे त्याला परवानगी फक्त सौंदर्योपचारासाठी. जुनाट अर्धशिशीसाठी तिथे परवानगी एकट्या बोटॉक्सला, १५५ युनिट, ३१ ठिकाणी. कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट हा वाद मी घालत नाही. योग्य हातात, योग्य डोसमध्ये यांतलं कुठलंही चालेल. आपल्याला कुठलं दिलं ते कळलं पाहिजे आणि बिल त्याच नावाने मिळालं पाहिजे.

मी ताईला दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेणार होते. तेवढ्यात क्लिनिकने फोन करून तिला सांगितलं की झालेल्या त्रासाबद्दल 'प्रीमियम टच-अप' अर्ध्या दरात करून देतो, आज स्लॉट आहे, मोठे डॉक्टरही आहेत. साखरपुडा तोंडावर आला होता. ती गेली. मोठे डॉक्टर नव्हतेच, पुन्हा त्याच बाई, पुन्हा भरलेल्या सिरिंज.

आठवड्याच्या आत सकाळी उठल्यावर तिला डावा डोळा जड वाटला. दुपारपर्यंत पापणी बाहुलीच्या वरच्या कडेपर्यंत उतरली. वाचताना ती भुवई ताणून डोळा उघडायचा प्रयत्न करायची, पण कपाळाचा स्नायूच ढिला पडलेला, त्यामुळे भुवईही उचलली जाईना. शेवटी बोटाने पापणी वर धरून ती पत्रिकेचा मजकूर तपासत बसली होती.

क्लिनिकचं उत्तर : ''नॉर्मल आहे, मसाज करा.'' मसाज अजिबात करायचा नसतो. टोचल्यानंतर सुरुवातीला ती जागा चोळूच नका असं आईलासुद्धा सांगतात, औषध नको तिथे पसरू नये म्हणून. आम्ही खऱ्याखुऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी समजावलं की भुवयांमध्ये दिलेलं औषध खाली उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं की असं होतं. अप्राक्लोनिडीनचे थेंब दिले. त्या थेंबांनी पापणीतला दुसरा एक छोटा स्नायू आवळतो आणि पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर येते. बाकी औषधाचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं. त्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं की पापणी उतरणं हा अस्सल औषधाचाही माहीत असलेला दुष्परिणाम आहे, चांगल्या हातूनही कधी होतो. पण तसं झालं तर त्या डॉक्टरला काय दिलं, किती दिलं, कुठे दिलं हे सांगता येतं. इथे कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मग त्यांनी ताईला बारकाईने विचारलं : गिळताना अडखळतं का, दोन-दोन दिसतं का, आवाज बदललाय का, दम लागतो का? सुदैवाने यातलं काही नव्हतं.

हे प्रश्न पाठ करून ठेवा. टॉक्सिन टोचलेल्या जागेपासून दूर पसरलं तर ही लक्षणं दिसतात, काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही. २००९ पासून अमेरिकेत या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला कडक इशारा याच कारणासाठी छापला जातो. यातलं एकही लक्षण दिसलं तर क्लिनिकला व्हॉट्सॲप करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि टॉक्सिनचं इंजेक्शन घेतल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

मी ताईसोबत क्लिनिकमध्ये जाऊन 'प्रीमियम प्रॉडक्ट'चं खोकं दाखवा म्हणून अडून बसले. खोकं फेकून दिलं म्हणाले. संध्याकाळी एक फोटो पाठवला. खोक्यावर जवळजवळ सगळा मजकूर कोरियन लिपीत, इंग्रजीत एवढंच की बोटुलिनम टॉक्सिन टाइप ए, १५० युनिट. तो फोटो मी मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. रुपयांत छापील किंमत नाही. आयात परवान्याचा क्रमांक नाही. भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता नाही. परदेशातून कायदेशीर मार्गाने आलेल्या औषधाच्या लेबलवर हे असावंच लागतं. बॅच नंबर जिथे असायला हवा तो कोपरा फोटोत अंगठ्याखाली झाकलेला. ते औषध कोरियात तिथल्या परवान्याने विकलं जात असेलही. पण इथे ते कुणाच्या बॅगेतून आलं, दोन ते आठ अंशांत राहिलं का, आत खरोखर काय होतं, हे सांगणारा कुणी नाही. आणि ताईच्या दुसऱ्या बिलावर पुन्हा तोच शब्द, बोटॉक्स.

'एवढंसं कपाळात टोचल्याने काय होतंय' असं म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही निघाले. त्यांना मी फ्लोरिडाची २००४ सालची घटना सांगते. तिथे परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळेत संशोधनासाठी विकलं जाणारं कच्चं टॉक्सिन, माणसासाठी नाही असं स्पष्ट लिहिलेलं, स्वतःसकट चार जणांना टोचलं. चौघंही लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने बनावट किंवा अयोग्य हातांनी दिलेल्या इंजेक्शनांमुळे ११ राज्यांतल्या २२ बायका आजारी पडल्याचं जाहीर केलं, त्यातल्या ११ जणींना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं होतं. त्या वेळी तिथे सापडलेल्या बनावट खोक्यांची एक खूण अशी दिली होती की त्यावर १५० युनिट छापलं होतं. बोटॉक्सची मूळ कंपनी १५० युनिटची बाटली काढतच नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या जून-जुलैत अशाच सौंदर्योपचारांनंतर बोटुलिझमचे, म्हणजे याच टॉक्सिनच्या विषबाधेचे, ३८ रुग्ण नोंदले गेले.

तेव्हा जायचंच असेल तर माझं ऐका. टोचणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. पाटीवरच्या नावाचा नव्हे, जिच्या हातात सुई आहे तिचा. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा लावून बसलेली माणसं डॉक्टर असतीलच असं नाही, आणि पार्लरमध्ये, सोसायटीच्या हॉलमध्ये, मैत्रिणीच्या घरच्या 'बोटॉक्स पार्टी'त तर मुळीच नको. खोकं आणि बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. भरलेली सिरिंज आली तर उठून या. बाटलीत किती सलाईन घातलं ते विचारा : १०० युनिटच्या बोटॉक्समध्ये अडीच मिली घातलं तर दर ०.१ मिलीत ४ युनिट येतात, दहा मिली घातलं तर एकच येतं. सिरिंज तेवढीच भरलेली दिसते, औषध पाव होतं. लेबलचा फोटो घ्या. बिलावर औषधाचं पूर्ण नाव, कंपनी, बॅच नंबर, युनिट हे सगळं लिहून घ्या. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. ज्यांच्याकडे आता ताई जाते त्यांनी न विचारताच बाटली तिच्या हातात दिली होती.

तुमचं काही दडवू पण नका. गरोदर आहात, अंगावर पाजता, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारख्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत, हे आधी सांगायलाच हवं. ताईला त्या क्लिनिकने यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं, संमतिपत्रावर फक्त सही घेतली.

पापणी पुढे हळूहळू वर आली, आता डोळे सारखे दिसतात. क्लिनिकने दुसऱ्या वेळचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, पण 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागितलं. ताईने सही केली नाही. आम्ही राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. तिथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, तिथे नीट मार्गदर्शन मिळालं. दोन्ही बिलं, काउन्सेलरने हाताने लिहिलेला ६४ युनिटचा कागद, खोक्याचा फोटो आणि 'सेमच मॉलिक्यूल' म्हणणारे मेसेज, सगळं जोडलं आहे.

औषध प्रशासनाच्या कार्यालयात आम्हाला सगळ्यात आधी बॅच नंबर विचारला. तो आमच्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाला पुण्यात गेल्या वर्षभरात कोरियन मजकुराच्या १५० युनिटच्या खोक्यातून इंजेक्शन दिलं असेल आणि त्या खोक्याचा किंवा बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये असेल, तर तो पुसू नका, आणि स्वतःच्या नावाने तक्रार द्या.